रडणारं माणूस हवं

माझ्या सासूबाई सिनेमा बघायला गेल्या की पडद्याकडं पाठ करून बसतात. खोटं वाटत असेल तर नेरूळच्या त्या हॉलात जे कोणी हजर होते त्यांना विचारा. सगळी माणसं समोर बघतायत आणि पहिल्या रांगेत एक नऊवारीतली बाई उलटी वळून माणसांचीच तोंडं न्याहाळतेय. मागच्या एका पोरीनं मला विचारलंसुद्धा, "काकू, आजींना काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हटलं, "आहे ना, मोठ्ठा आहे. तू बघ पिक्चर."

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार? पहिल्यापासून सांगते.

सासूबाईंचं नाव राजाबाई. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. मार्केट मुंबईतून वाशीला हललं तसं त्यांचं बिऱ्हाडही हललं. माझे सासरे ज्योतिबा, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, मसाला मार्केटात माथाडी होते. आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली, त्यातही मिरचीची जास्त. त्याच मार्केटात सासूबाई धणे-जिरे निवडायला बसायच्या. आता घणसोलीत माथाडींच्या वसाहतीत आमच्या दोन खोल्या आहेत. माझा नवरा इंद्रजित जासईला कंटेनर यार्डात असतो आणि मी, उज्वला, कोपरखैरण्याला मेडिकलच्या दुकानात.

धणे निवडायचं सुटलं, पण निवडायची सवय काही सुटली नाही. आता सासूबाई काळज्या निवडतात. सकाळी उठल्यापासून हाच धंदा. गॅस बंद केला का, इंद्रजितचा फोन का लागत नाही, पाल चुकचुकली ती कुणाच्या नावानं. मी कामाला निघताना कुणी शिंकलं तर मला परत खाली बसवणार, पाणी पाजणार, मग सोडणार. माझा लेटमार्क गेला खड्ड्यात. मी खूप भांडले आहे त्यांच्याशी. एकदा म्हटलं, "आई, तुम्ही इतकी काळजी करता, त्यातली एक तरी खरी झाली का?" तर म्हणाल्या, "करते म्हून तर व्हत न्हाईत." आता बोला!

आणि नेमकी जी काळजी करायला हवी होती ती त्यांनी केली नाही. तात्यांचा खोकला. माथाडीच्या घरात खोकल्याला कोण विचारतंय? मिरचीच्या पोत्यांत जन्म गेला, ठसका लागायचाच. मार्केटात सगळेच खोकतात. आमच्याकडं खोकला म्हणजे घरातला माणूस होता, त्याला हाकलायचं कुणाच्या मनातच आलं नाही. मी औषधाच्या दुकानात उभी राहणारी बाई, मीसुद्धा सिरपच्या बाटल्या आणून देत राहिले. शेवटी रुमालावर रक्त दिसलं तेव्हा नेरूळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. फोटो काढला, छातीत गाठ दिसली, तुकडा तपासायला पाठवला. निकाल यायला वेळ लागणार होता.

त्या दिवशी तात्या म्हणाले, "घरी नको लगेच. जरा खाडीकडं जाऊ." इंद्रजितनं त्यांना नेलं. थंडीचे दिवस, पाण्यात फ्लेमिंगो उतरले होते, सासूबाई त्यांना तांबडे बगळे म्हणतात. तात्या पुढं वाकून चालतात. पोतं उतरलं, पण पाठीला अजून पटलेलं नाही. तसे ते बांधावरून चालले असताना तिथं एक दाढीवाला मुलगा कॅमेरा लावून बसला होता. तो धावतच आला. "आजोबा, माझ्या फिल्ममध्ये काम कराल?"

त्याचं नाव ऋषी. नेरूळलाच राहणारा, सिनेमाचं शिक्षण घेतलेला, बोलायला गोड. त्याच्या सिनेमाची गोष्ट अशी की एका गावात माणूस म्हातारं झालं की एक दिवस खाडीकडं चालायला लागतं, चिखलात उतरतं आणि त्याचा फ्लेमिंगो होतो. दरवर्षी थंडीत पक्षी येतात, घरची माणसं काठावर उभी राहतात, पण त्यातला आपला कोणता ते कुणालाच ओळखू येत नाही. आणि एक म्हातारा असतो, त्याला जायचंच नसतं. तो म्हातारा म्हणजे आमचे तात्या.

तात्या तर हरखून गेले. "आयला, हिरो का काय मी!" आरशासमोर उभं राहून मिशा पिळायला लागले. सासूबाईंचं तोंड मात्र पांढरं पडलं. त्यांनी मला मोरीपाशी ओढलं. "उज्वला, तिकडं तुकडा तपासाय दिलाय आन् हितं हे मरायचं सोंग करणार? असलं सोंग आणू न्हाई गं बया. वरचा बघत असतोय."

"आई, पिक्चर आहे तो. सगळं खोटं असतं."

"त्येला काय ठावं खोटं हाय ते?" म्हणाल्या.

कुणी ऐकलं नाही त्यांचं. मीही नाही. तात्यांना दिवसभर घरात निकालाची वाट बघत बसवण्यापेक्षा बरं, असं आम्हाला वाटलं. शूटिंग सुरू झालं आणि सासूबाई रोज डबा घेऊन हजर. एका झुडपाच्या सावलीत बसायच्या, तात्या चिखलात उतरले की डोळे मिटून घ्यायच्या, बाहेर आले की पाय धुवायला पाणी न्यायच्या.

मला सुट्टी होती त्या दिवशी मीही गेले होते. तात्या चिखलाच्या कडेला उभे, मागून त्यांची सिनेमातली मुलगी हाक मारणार, त्यांनी वळायचं नाही, एवढाच शॉट. ऋषी ओरडला, "ॲक्शन!" आणि कुठून आला कुणास ठाऊक, एक कावळा थेट तात्यांच्या डोक्यावर बसला. पंख मिटून चांगला बसला. तात्यांनी हळूच डोळे वर केले, हसले आणि कावळा उडाला.

"आजोबा, एक नंबर! असला शॉट मागून मिळत नाही," ऋषी नाचायलाच लागला. इकडं सासूबाई डबा टाकून धावत सुटल्या. भाजी मातीत, भाकरी मातीत. तात्यांच्या डोक्यावरून पदर फिरवत होत्या आणि ओरडत होत्या. "कावळा बसला. जित्या माणसाच्या डोस्क्यावर कावळा बसला!"

आमच्याकडं काय मानतात ते सांगते. कावळा डोक्यावर बसला की त्या माणसाचं मरण जवळ आलं. पण त्याला उतारा आहे. तो माणूस मेला अशी खोटी बातमी नात्यातल्या कुणाला तरी धाडायची. ते माणूस खरं समजून रडलं की मरण म्हणतं, इथलं काम झालं, आणि माघारी फिरतं. मग सांगायचं, बाबा जिवंत आहे, कावळा बसला होता. ते शिव्या देतात आणि चहा पितात. पण अट एकच. घरातल्यांचं रडणं चालत नाही, कारण घरातल्यांना खोटं आहे हे माहीत असतं. रडणारं माणूस बाहेरचं हवं आणि त्याचं रडणं खरं हवं.

मी डोक्याला हात लावला. "आई, कुणाला हार्ट ॲटॅक आला म्हणजे?"

"कुणाला सांगू तेवडं सांग," एवढंच त्या म्हणत होत्या.

आता गंमत बघा. सगळं आयुष्य माणसांत काढलं, पण तात्यांसाठी रडणारं माणूस शोधायची वेळ आली तेव्हा सापडेना. भाऊ गेलेले. चुलत्यांचं येणं-जाणं तुटलेलं. पुतण्यांना फोन केला असता तर त्यांनी आधी विचारलं असतं, मातीला किती वाजता यायचं. उरल्या एक तारळ्याच्या आत्या, तात्यांची थोरली बहीण.

सासूबाईंनी फोन लावला. नंबर मी दाबून दिला. "वन्सं," त्या म्हणाल्या, "हे गेलं वं." आणि आवाज फुटला. सोंग करावं लागलंच नाही.

 पलीकडून आत्यांचा कोरडा आवाज आला, "राजा, कावळा बसला व्हय गं ज्योतिबावर?"

 आत्याच पुढं म्हणाल्या, "जिचा नवरा जातो ती बाई सोता फोन करत न्हाई. तिच्या हातात फोन ऱ्हात न्हाई." आणि म्हणाल्या, "रडले असते गं. खोटं म्हाईत असून रडले असते. पर माझ्याकडं आता न्हाई शिल्लक."

त्यांचा नवरा आणि हातातोंडाशी आलेला मुलगा एकाच वर्षी गेले होते. त्यानंतर त्यांना रडताना कुणी पाहिलेलं नाही. ते आमच्या आधी लक्षात यायला हवं होतं.

झालं! उतारा उलटला. सासूबाई जेवेनात. तात्या म्हणाले, "अगं, कावळ्याला बसायला फांदी दिसंना म्हून बसला. काय मनावर घ्यायचं ते?" तर त्यांच्यावरच खेकसल्या, "तुमी गप बसा. तुमाला कळतंय काय त्यातलं?" दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर त्यांनी कुणाला न विचारता धर्मराजला फोन केला.

धर्मराज म्हणजे तात्यांच्या टोळीतला. मार्केटात पोती उचलणाऱ्यांची टोळी असते, आणि टोळीतला कुणी गेला की बाकीचे हुंदके देत बसत नाहीत, कामाला लागतात. मी दुपारी घरी आले तर जिन्यात सात-आठ माणसं उभी. हातात बांबू, कडबा, सुतळी, मडकं, सगळं. आणि दारात तात्या बनियनवर, हातात भाकरीचा तुकडा घेऊन.  मग धर्मराजनं अशी एक शिवी हासडली की खालच्या मजल्यावरची दारं उघडली. आणि सगळे हसत सुटले. हसता हसता डोळ्यांतून पाणी काढलं त्यांनी.

"हे पाणी चालतंय का गं?" तात्यांनी आत वळून विचारलं.

सासूबाई बाहेर आल्या. एकेकाला विचारायला लागल्या, "इकडं येताना कोन रडलं का? खरं सांगा." ती एवढी आडदांड माणसं, एकमेकांकडं बघायला लागली. धर्मराज खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, बांबू आणायच्या गडबडीत रडायचं ऱ्हाऊनच गेलं."

वर आणखी एक भानगड. तिरडीचा आणलेला बांबू परत नेत नाहीत म्हणे. मग काय, आमच्याकडंच ठेवून गेले. तात्यांनी तो गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधला. सासूबाईंनी आजतागायत त्याच्यावर एक फडकं टाकलेलं नाही.

मग निकाल आला. गाठ साधी नव्हती. डॉक्टर बाई समजावून सांगत होत्या, औषधं आहेत, इंजेक्शनं आहेत, पेशंट काटक आहे. मी ऐकत होते. सासूबाईंनी फक्त माझ्याकडं पाहिलं. कावळ्याचा आणि गाठीचा काही संबंध नाही हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी मी नजर खाली घातली.

इंजेक्शनं सुरू झाली. तात्यांचे केस गेले, मिशा गेल्या. मिशांचं त्यांना फार लागलं. "पिच्चरमधी हायेत तेवडं बरं झालं," म्हणायचे. आणि त्यातच ऋषीचा फोन आला की सिनेमा तयार आहे, नेरूळच्या हॉलात दाखवतोय, आजोबांना आणाच.

सासूबाई येणार नव्हत्या. पण तात्यांना एकटं सोडवेना म्हणून आल्या. तात्या कानटोपी घालून पहिल्या रांगेत, शेजारी त्या, मग मी. दिवे गेले. पडद्यावर मिशावाले तात्या दिसले तसं त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. शेवटाकडं ती जागा आली. चिखल, तात्या, मागून मुलीची हाक. कावळा येऊन बसला. तात्यांनी वर पाहिलं, हसले आणि चालायला लागले. वळले नाहीत. ती वाकलेली पाठ लहान लहान होत गेली. मग नुसती खाडी आणि पक्षीच पक्षी. मुलगी काठावर येते, हलक्या आवाजात म्हणते, "बाबा?" आणि सगळे पक्षी एकदम माना वर करतात.

हॉलात कुणीतरी हुंदका दिला. मग दुसऱ्यानं. नाक ओढल्याचे आवाज यायला लागले. सासूबाईंनी मान वर केली, कान टवकारले आणि सरळ मागं वळून बसल्या. पडद्याच्या उजेडात माणसांची तोंडं दिसत होती. कॉलेजची पोरं, सोसायटीतल्या बायका, एक जाडजूड गृहस्थ तर चष्मा काढून पुसत होता. कुणी तात्यांना ओळखत नव्हतं. सगळ्यांना म्हातारा गेला असं वाटत होतं आणि सगळे रडत होते.

सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "उज्वला, रडत्यात गं! परकी मानसं खरी रडत्यात!" तात्या कुजबुजले, "आवो मंडळी, मी हितं जिता बसलोय की." त्यांच्या मांडीवर फटका मारून त्या म्हणाल्या, "गप बसा. रडू द्या त्यास्नी."

पुढच्या तपासणीत गाठ लहान झालेली निघाली. डॉक्टर बाई म्हणाल्या, औषध लागू पडलंय. सासूबाईंनी हात जोडले, पण बाईंना नव्हे. घरी येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं, तर ऋषीला फोन. "बाळा, आता कुटं दावनार हायेस?"

मग तो धंदाच होऊन बसला. आज कोल्हापूर, मग नाशिक, मग पुण्याला कुठल्याशा महोत्सवात. प्रत्येक वेळी सासूबाईंचा फोन. "रडले का?" ऋषी बिचारा म्हणायचा, "रडले आजी, टेन्शन नका घेऊ." त्या विचारायच्या, "किती?" तो म्हणायचा, "पुष्कळ." तेवढ्यावर त्यांना दोन घास जायचे. मी चिडायचे. गोळ्या मी वेळेवर देतेय, इंद्रजित रजा टाकून दवाखान्यात बसतोय आणि श्रेय नाशिकच्या लोकांना! पण तात्यांचा खोकला कमी होता, मिशांचे खुंट फुटायला लागले होते. मग मीही तोंड मिटलं.

हळूहळू महोत्सव संपले. ऋषीनं सिनेमा मोबाइलवर टाकला. फार आनंदानं सांगायला आला, आता जगात कुणीही कुठूनही बघेल. सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "म्हंजे एकेकटे बगनार? मग रडले का न्हाई ते कसं कळायचं?"

लोक खाली लिहितात, मी वाचून दाखवत जाईन, असं मी सांगितलं आणि पायावर धोंडा मारून घेतला. रोज कामावरून आले की चप्पल काढायच्या आत, "आज काय लिवलंय?" लोक लिहायचे, मस्त. नाइस. कॅमेरा कोणता वापरला? एकानं लिहिलं होतं, डोळ्यांत पाणी आलं. ते मला कितीदा वाचायला लावलं, विचारू नका. मग काही दिवस कुणी काहीच लिहिलं नाही. सासूबाई माझ्या तोंडाकडं बघत बसलेल्या. मी कोऱ्या जागेवर बोट ठेवून वाचलं, "सांगलीच्या एक बाई लिहितात, मी रात्रभर रडले." त्यांनी सुस्कारा सोडला. दुसऱ्या दिवशी मी सोलापूरचे एक गृहस्थ रडवले. खोटी बातमी द्यायची पाळी आता माझ्यावर आली होती.

त्याच सुमारास तात्यांचा आवाज बसायला लागला. जिना चढताना मधल्या पायरीवर टेकायला लागले. परत फोटो काढले. या वेळी डॉक्टर बाईंनी मला आणि इंद्रजितला एकट्यांना आत बोलावलं. गाठ पुन्हा वाढली होती, दुसरीकडंही गेली होती. आम्ही ठरवलं, घरी तूर्त सांगायचं नाही. म्हणालो, सर्दी आहे, औषध बदललंय. सासूबाईंनी काही विचारलं नाही. ज्या बाईनं शिंकेचा हिशेब मागितला तिनं काही विचारलं नाही, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

परवा दुपारी लवकर घरी आले. तात्या बाहेरच्या खोलीत कॉटवर पडून क्रिकेट बघत होते. आत ओट्यापाशी सासूबाई जमिनीवर बसलेल्या, पुढ्यात इंद्रजितचा जुना मोबाइल, डब्याला टेकवून उभा केलेला. आवाज बंद. पडद्यावर तात्यांची ती वाकलेली पाठ लहान लहान होत चालली होती. पडद्याकडं पाठ करणारी बाई टक लावून बघत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तोंडातून आवाज नाही, तात्यांना ऐकू जाईल म्हणून.

मी खाली बसले.  बोलले ते नेमकं नको तेच. "आई, घरातल्यांचं चालत नाही ना? तुम्हीच म्हणाला होता."

"घरच्यास्नी खोटं हाय ते म्हाईत असतंय, म्हून चालत न्हाई," त्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले, पण ते थांबेनात. "मला आता कुटं खोटं वाटतंय?"

बाहेरून तात्यांचा बसका आवाज आला, "राजाबाई, अगं च्याचं काय झालं?"

"आले, आले," त्या म्हणाल्या. मोबाइल डब्यामागं सारला, उठल्या, गॅसवर आधण ठेवलं आणि आलं ठेचायला घेतलं.